वऱ्हाडातील गृहरक्षक दल : मंगरूळपीरहून घेतलेला मागोवा

मंगरूळपीर हे गाव आपल्या जागेवरून तसूभरही न हलता गेल्या सव्वाशे वर्षांत अनेक दफ्तरांत नोंदले गेले आहे. १९०५ पर्यंत ते बासीम, म्हणजे आजच्या वाशिम, जिल्ह्यातील एक तालुका होते. त्या वर्षी बासीम जिल्हा मोडला, पुसद यवतमाळकडे गेले, बासीम आणि मंगरूळ अकोल्याला जोडले गेले, आणि पुढे ९३ वर्षांनी, १ जुलै १९९८ रोजी, वाशिम जिल्हा पुनश्च अस्तित्वात आला तेव्हा मंगरूळपीर आपल्या जुन्या घरी परतले. राज्यांची कथाही अशीच आहे. स्वातंत्र्याच्या वेळी हा मुलूख मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांतात होता, घटना अमलात आल्यावर नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रदेशात आला, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात समाविष्ट झाला. तालुक्यातील गृहरक्षक पथकाचा, म्हणजे होमगार्डाचा, वृत्तान्त लिहावयास बसणाऱ्याला ही भूगोलाची उठाठेव प्रथम सांगावी लागते, कारण ज्या संस्थेचा हुकूम कधी नागपूरहून, कधी मुंबईहून, कधी अकोल्यामार्फत तर कधी वाशिमहून सुटला, तिचे मूळ एकाच ठिकाणी शोधून चालत नाही. मंगरूळपीरच्या होमगार्डाला दोन पूर्वज आहेत, एक मुंबईचा आणि एक नागपूरचा. आणि आपल्याकडे प्रतिवर्षी ६ डिसेंबरला जो वर्धापनदिन साजरा होतो तो त्यांपैकी मुंबईच्या पूर्वजाचा आहे.

त्या मुंबईच्या पूर्वजाचा जन्म अत्यंत अशुभ काळात झाला. १९४६ हे वर्ष उजाडले तेच नाविकांच्या उठावाची ठिणगी घेऊन. फेब्रुवारीत मुंबईच्या रस्त्यांवर गोळीबार झाला, एप्रिलमध्ये बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारारूढ झाले आणि गृहखाते मोरारजी देसाई यांच्याकडे आले, ऑगस्टमध्ये कलकत्त्यात माणसांची कत्तल झाली आणि सप्टेंबरच्या प्रारंभी मुंबईतही जातीय दंगलीचा वणवा पेटला. राज्यकर्ते नवे होते, पोलीस दल जुन्या साम्राज्याचे होते आणि संख्येने अपुरे होते, लष्कर पाचारण करावे तर त्याच्या मागोमाग परकीय सत्तेची छाया येई. अशा पेचात प्रांतिक सरकारने असा विचार केला की, ज्या वस्त्यांत आग लागते त्याच वस्त्यांतील शांतताप्रिय नागरिकांना शिस्तीचे शिक्षण देऊन, त्यांच्या अंगावर गणवेष चढवून, पोलिसांच्या खांद्याला खांदा लावून उभे करावे. ६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबईत या दलाची स्थापना झाली आणि पुढल्या वर्षी त्याला ‘मुंबई होमगार्ड अधिनियम, १९४७’ या कायद्याचे अधिष्ठान मिळाले.

होमगार्ड ही संज्ञा मात्र युद्धकालीन इंग्लंडकडून आली. १४ मे १९४० रोजी, जर्मन फौजा फ्रान्सच्या दिशेने मुसंडी मारीत असताना, युद्धमंत्री अँथनी ईडन यांनी नभोवाणीवरून नागरिकांना आवाहन केले, आणि सैन्यात घेण्याच्या वयाबाहेरची किंवा आवश्यक उद्योगांत गुंतलेली माणसे इतक्या मोठ्या प्रमाणात पुढे आली की, जुलैअखेर त्यांची संख्या पंधरा लाखांच्या घरात पोहोचली. त्याच वर्षी अमेरिकेतही असाच प्रश्न निराळ्या वाटेने उभा राहिला. तेथे प्रत्येक राज्याचे स्वतःचे राखीव सैन्य, म्हणजे नॅशनल गार्ड, असते. ते संघराज्याने आपल्या सेवेत ओढून घेतल्यावर राज्याचे घर राखावयाचे कोणी, ही चिंता निर्माण झाली, आणि १९४०च्या ऑक्टोबरात तेथील काँग्रेसने राज्यांना स्वतंत्र स्वयंसेवक दले उभारण्याची मुभा दिली. टेक्सास, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया या राज्यांत अशी दले आजही आहेत. ती राज्याबाहेर लढावयास जात नाहीत, वादळात, महापुरात आणि सैन्य बाहेर असताना घरची चौकी सांभाळतात. आपल्याकडचे दल या दोहोंच्या मधले आहे. त्याला राखीव सैन्य म्हणता येत नाही, ते केवळ सेवाभावी मंडळही नाही; ते कायद्याने पोलिसांचे साहाय्यकारी आहे आणि संकटकाळी सैन्य सरहद्दीकडे व पोलीस नाक्यांकडे गेल्यावर मागे राहिलेल्या गावाचे रखवालदार आहे. राखीव सैन्याचे काम आपल्याकडे प्रादेशिक सेना करते. १९४८च्या कायद्याने ती निर्माण झाली, ९ ऑक्टोबर १९४९ रोजी राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले, आणि विदर्भातील माणसाला ती नागपूरच्या सीताबर्डी किल्ल्यावर असलेल्या तिच्या पलटणीमुळे परिचित आहे. शेती, नोकरी वा धंदा सांभाळून वर्षातील काही काळ देशाला द्यावयाचा हे तत्त्व दोन्ही संघटनांत समान आहे. एक केंद्राची, दुसरी राज्याची, एवढाच काय तो भेद, आणि तो लहान नाही.

आता नागपूरच्या पूर्वजाकडे वळू, कारण वऱ्हाडच्या दृष्टीने खरा इतिहास तेथे आहे आणि मुंबईच्या तेजात तो झाकोळून गेला आहे. पंडित रविशंकर शुक्ल यांच्या मंत्रिमंडळाने, ज्यात गृहखाते पंडित द्वारकाप्रसाद मिश्र यांच्याकडे होते, १९४७ सालीच ‘मध्यप्रांत व वऱ्हाड होमगार्ड अधिनियम’ संमत करून घेतला. मुंबईला शहरातील दंगलीची धास्ती होती, नागपूरला सरहद्दीची. मध्यप्रांत आणि वऱ्हाड यांची दक्षिण सीमा शेकडो मैल निजामाच्या राज्याला भिडलेली होती, आणि वऱ्हाडच्या बाबतीत तर प्रकरण अधिकच नाजूक होते: १८५३च्या तहाने हा प्रांत इंग्रजांच्या कारभारात आला, १९०२च्या कराराने सालीना २५ लक्ष रुपयांच्या मोबदल्यात तो कायमच्या पट्ट्याने घेतला गेला, तरी कागदोपत्री स्वामित्व निजामाचेच मानले जाई आणि त्याच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब लावला जाई. इंग्रज निघून गेल्यावर निजामाने स्वतंत्र राहण्याचा हट्ट धरला तेव्हा वऱ्हाडातील माणसाला आपले घर नेमके कोणत्या राज्यात आहे, हा प्रश्न पडावा अशी परिस्थिती उत्पन्न झाली. वाशिम आणि पुसद या तालुक्यांच्या दक्षिणेस पैनगंगा वाहते. तिच्या पलीकडे तेव्हा हैदराबाद संस्थानचे मराठी जिल्हे होते. निजामाच्या बाजूने शस्त्र धरलेल्या कासीम रझवीच्या रझाकारांचा उच्छाद वाढू लागला तसतशी पलीकडची माणसे चीजवस्तू घेऊन अलीकडे येऊ लागली. मंगरूळपीर प्रत्यक्ष नदीकाठी नसले तरी सरहद्दीपासून फार दूरही नाही, आणि त्या वर्षांत या पट्ट्यातील लोकांनी रात्रीच्या गस्ती, अफवा आणि आश्रितांची सोय यांत दिवस काढले. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सेना हैदराबादच्या हद्दीत शिरली, १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली, आणि वऱ्हाडच्या उशाशी असलेले भय एकदाचे निवारले.

या प्रसंगाचा उल्लेख मी जाणूनबुजून विस्ताराने करीत आहे. होमगार्ड म्हटले की आज मिरवणुकीतला दोरखंड धरून उभा असलेला खाकी वेषातील तरुण डोळ्यांपुढे येतो, आणि या दलाचे प्रयोजन तेवढेच आहे अशी समजूत होऊन बसते. परंतु वऱ्हाडात हे दल स्थापन करावेसे वाटले ते देशाच्या एकात्मतेचा प्रश्न अंगणात येऊन ठेपला होता म्हणून. आणि जो प्रांत कागदावर परक्याचा आणि व्यवहारात आपला होता, त्या प्रांतातील शेतकऱ्याच्या व विद्यार्थ्याच्या हाती राज्याने आपला गणवेष विश्वासाने दिला, ही गोष्ट लहान मानू नये. १९५६ साली प्रांत विभागला गेला तेव्हा नागपूरच्या या संस्थेचेही दोन भाग झाले. महाकोशलाकडील शाखा नव्या मध्यप्रदेशात गेली, जिचे मुख्यालय आजही जबलपूरला आहे. विदर्भाकडील शाखा मुंबईच्या दलात विलीन झाली आणि मंगरूळपीर, अकोला, यवतमाळ येथील माणसे मुंबईच्या महासमादेशकांच्या आज्ञेखाली आली. जी दोन भावंडे एका आईची, ती आज निरनिराळ्या राज्यांच्या नियमांनी वागतात आणि एकमेकांना ओळखीतही नाहीत.

मुंबईच्या कायद्याकडे थोडे बारकाईने पाहिले पाहिजे, कारण या संस्थेचा स्वभाव तेथे घडला आहे. माणसांचे रक्षण, मालमत्तेची सुरक्षितता आणि सार्वजनिक निर्भयता यांसाठी स्वयंसेवकांचे एक दल असावे, असे हा कायदा प्रारंभीच सांगतो. सर्वांच्या वर महासमादेशक, जिल्ह्यास जिल्हा समादेशक, खाली तालुक्याच्या पथकाचा समादेशक अधिकारी, पलटण नायक आणि मग सैनिक, अशी रचना आहे. सामान्य दिवशी होमगार्ड हा तुमच्या-आमच्यासारखा नागरिक. पण आज्ञापत्र निघाले आणि तो कर्तव्यावर हजर झाला की त्याला पोलीस अधिकाऱ्याचे अधिकार, सवलती आणि संरक्षण प्राप्त होते, दंडसंहितेच्या अर्थाने तो लोकसेवक ठरतो, आणि कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या पूर्वसंमतीवाचून त्याच्यावर खटला भरता येत नाही. उलटपक्षी, बोलावले असता सबळ कारणाशिवाय न येणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा अडीचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा कायद्याने सांगितली आहे. स्वेच्छेने आत यावे, पण आत आल्यावर स्वेच्छा चालणार नाही, असा हा करार आहे. घरच्या कामाचे निमित्त सांगून टाळाटाळ करणाऱ्याला हा कायदा ओळखतो. परंतु पेरणीच्या दिवसांत पथकातील शेतकऱ्याला हुकूम आला तर त्याच्या शेताचे काय व्हावे, याची तरतूद त्यात नाही, आणि आमच्या तालुक्यात तर पहिला पाऊस आणि सोयाबीन-तुरीची पेरणी यांत चार दिवसांचेही अंतर पडून चालत नाही. ही अडचण तालुक्यांतील समादेशकांनी कायद्याने नव्हे, तर माणसांची अदलाबदल करून, ज्याचे शेत नाही त्याला पुढे पाठवून आणि ज्याची पेरणी झाली त्याला मागाहून बोलावून निभावून नेली. संस्थेचा कारभार चालतो तो अशाच अलिखित शहाणपणावर.

त्याच कायद्यातील आणखी एक तरतूद आज मला विशेष महत्त्वाची वाटते. सेवा संपली की नेमणुकीचे प्रमाणपत्र, शस्त्र, साधनसामग्री आणि गणवेष ही सर्व सरकारजमा करावी लागतात. नियम रास्त आहे, पण त्याचा परिणाम असा झाला की, ज्या माणसाने वर्षानुवर्षे रात्री जागून काढल्या त्याच्या घरी त्या सेवेचा एकही कागद शिल्लक राहत नाही. शिपायाचे सेवापुस्तक असते, शिक्षकाचे निवृत्तिपत्र असते. होमगार्डाच्या नातवाला आजोबांची खाकी केवळ ऐकून माहीत असते. म्हणून हा लेख ज्या स्मरणिकेत येत आहे तिचे निमित्त साधून, अकोला आणि वाशिम येथील जुन्या हजेरीपटांतून मंगरूळपीर पथकातील नावे उतरवून काढण्याची तजवीज व्हावी, असे मी आग्रहाने सुचवितो.

१९६२च्या ऑक्टोबरात चीनने आक्रमण केले आणि २६ तारखेला देशात आणीबाणी जाहीर झाली. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले. गावोगावी संरक्षण निधीसाठी स्त्रियांनी अंगावरचे दागिने उतरवून दिले. याच प्रसंगी केंद्र शासनाच्या ध्यानी आले की, राज्याराज्यांतून निरनिराळ्या नावांची आणि निरनिराळ्या नियमांची स्वयंसेवक दले आहेत, पण युद्धकाळी ज्यांच्यावर भरवसा ठेवावा अशी एकसूत्री संघटना नाही. आणि मग सर्व राज्यांना असा सल्ला गेला की, ही विखुरलेली दले एकत्र करून होमगार्ड या एका नावाखाली देशभर समान धर्तीचे दल उभारावे. मुंबई आणि नागपूर यांनी पंधरा-सोळा वर्षांपूर्वी जे केले होते त्यावर या सल्ल्याने शिक्कामोर्तब झाले. उभारणी, शिक्षण आणि साधनसामग्री यांच्या खर्चातील काही भाग केंद्राने सोसावयाचा आणि बाकीचा राज्याने, अशी वाटणी ठरली. पुढे सरहद्दीच्या राज्यांत सीमा सुरक्षा दलाला साहाय्य करणाऱ्या होमगार्डांच्या पलटणी निघाल्या. महाराष्ट्राला परकीय भूसीमा नसल्याने आपल्या वाट्याला ते काम आले नाही, पण पूल, जलाशय, वीजकेंद्रे, रेल्वेमार्ग यांची राखण, हवाई हल्ल्याच्या वेळी दिवे मालविण्याचा बंदोबस्त, आग विझविणे, प्रथमोपचार आणि कोसळलेल्या इमारतीतून माणसे काढण्याची, ज्याला या दलात विमोचन म्हणतात ती, विद्या यांचा समावेश शिक्षणक्रमात झाला. १९६८ साली नागरी संरक्षणाचा स्वतंत्र कायदा झाल्यावर यांपैकी काही कामे त्या शाखेकडे गेली, तरी तिचे केंद्र मोठी शहरे आणि औद्योगिक ठिकाणे हेच राहिले. मंगरूळपीरसारख्या, आगगाडीही ज्याच्या वाटेला जात नाही अशा गावात, युद्ध असो वा पूर असो, खाकी वेषातील प्रशिक्षित स्वयंसेवक म्हणून होमगार्डच काय तो आढळे. ग्रामरक्षक दलाची तरतूद पोलीस अधिनियमात आहे खरी, परंतु ती गावाच्या शिवेपुरती आणि गावाच्या उत्साहापुरती; तिला साप्ताहिक कवायतीचा शिरस्ता नाही आणि वरिष्ठांची देखरेखही तितकी नाही.

शिस्तीचे सर्व मर्म या साप्ताहिक कवायतीत आहे. दिवसा दुकानात वजनकाटा धरणारा, वखर हाकणारा, शिलाईयंत्रावर बसणारा, महाविद्यालयात जाणारा असे निरनिराळे इसम ठरल्या वेळी एका मैदानात एका ओळीत उभे राहतात आणि तासाभरापुरते त्यांच्यातील धंद्याचे, जातीचे, मोहल्ल्याचे अंतर पायांच्या एका तालात मिसळून जाते. मंगरूळपीरला ही गोष्ट इतर कोणत्याही गावापेक्षा अधिक उपकारक आहे. येथे दादा हयात कलंदरांचा दर्गा आहे आणि बिरबलनाथ महाराजांचे संस्थान आहे. उरूस आणि यात्रा या दोन्ही गावाच्या आहेत, दोहोंना दूरदूरचे लोक येतात, आणि दोन्ही प्रसंगी गर्दीच्या कडेला उभा असलेला गृहरक्षक हा गावचाच रहिवासी असतो. बाहेरून आलेल्या पोलिसाला गर्दी दिसते. याला गर्दीतले चेहरे दिसतात. कोणता पोरगा तापट आहे, कोणाचे म्हणणे तो ऐकतो, कोणत्या गल्लीत अफवा आधी पोहोचते, हे त्याला हुकुमाविना ठाऊक असते, आणि ज्या प्रसंगी लाठी उगारावी लागली असती त्या प्रसंगी नावाने हाक मारून भागते. जातीय सलोखा राखणे हे या दलाच्या घोषित कर्तव्यांपैकी एक आहे. १९४६ साली मुंबईत ज्या हेतूने हे दल निघाले तो हेतू शहरापेक्षा अशा दोन्ही श्रद्धांच्या गावांत अधिक साधतो, असे माझे निश्चित मत आहे.

जिल्ह्यातील इतर बंदोबस्तांपैकी सर्वांत कठीण बंदोबस्त पोहरादेवीचा. मानोरा तालुक्यातील या क्षेत्री संत सेवालाल महाराजांची समाधी आहे आणि रामनवमीला देशभरातून बंजारा समाज तेथे लोटतो. चैत्राचे ऊन, उघडा माळ, वाहनांच्या रांगा, हरवलेली मुले, उष्म्याने कोसळलेली माणसे. अशा ठिकाणी कायद्याचा धाक फारसा कामी येत नाही, पाण्याचा तांब्या आणि प्रथमोपचाराची पेटी अधिक कामी येते. शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाचे क्षेत्र, कारंज्याचे गुरुमंदिर, गणेशोत्सव, दुर्गोत्सव, मोहरम आणि निवडणुका यांची त्यात भर घालावी. पंढरीची आषाढी किंवा नाशिकचा सिंहस्थ अशा मोठ्या पर्वांसाठी विविध जिल्ह्यांतील होमगार्ड एकत्र केले जातात, निवडणुकांसाठी तर ते परराज्यांतही पाठविले जातात. अलीकडे शेलूबाजारजवळून समृद्धी महामार्ग गेला. त्याचा नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि तालुक्याच्या रक्षणकार्यात भरधाव वाहनांच्या अपघातांचे नवे प्रकरण सुरू झाले. २०२०च्या महामारीत, जेव्हा गावे बंद होती आणि जो तो आपापल्या उंबरठ्याआड होता, तेव्हा नाक्यानाक्यांवर पोलिसांच्या शेजारी जे उभे होते त्यांत होमगार्ड होते, हे सर्वांनीच पाहिले आहे. आणि २६ नोव्हेंबर २००८च्या रात्रीपासून मुंबईने जे हुतात्मे दिले त्यांच्या यादीत मोठमोठ्या अधिकाऱ्यांच्या नावांसमवेत मुकेश जाधव या होमगार्डाचेही नाव आहे. ते क्वचितच कोणी उच्चारतो. या स्मरणिकेत तरी ते आदराने यावे.

येथवर जे लिहिले त्यात गौरव आहे. परंतु इतिहासलेखकाने हिशेबाची वही झाकून ठेवणे हे संस्थेशी इमान राखणे नव्हे. ‘निष्काम सेवा’ हे या दलाचे ब्रीद आहे. स्थापनेच्या काळी जे लोक यात आले त्यांत वकील, वैद्य, शिक्षक, व्यापारी अशी पोटापाण्याने निश्चिंत माणसे पुष्कळ होती, जिल्हा समादेशकाचे पदही प्रतिष्ठित नागरिकाने मानसेवी म्हणून भूषवावे अशी प्रथा होती. त्यांना भत्ता हा केवळ प्रवासखर्चाच्या स्वरूपाचा पुरे होई. कालांतराने मध्यमवर्ग या दलापासून दूर सरला आणि त्याची जागा भूमिहीन मजुराच्या आणि अल्पभूधारकाच्या मुला-मुलींनी आणि शिकून बेकार राहिलेल्या तरुणांनी घेतली. दल स्वयंसेवकांचे राहिले, पण त्यातील सैनिकाच्या चुलीला मात्र कर्तव्यभत्त्याचा आधार लागू लागला. आणि पोलीस भरती अपुरी पडत गेली तसतसे या स्वयंसेवकांवर नित्याचे काम टाकण्याची सवय राज्याराज्यांतील शासनांना जडली. कर्तव्य नित्याचे आणि मोबदला नैमित्तिक, ही विसंगती अखेरीस न्यायासनापुढे गेली. हिमाचल प्रदेशातील होमगार्डांच्या प्रकरणात ११ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, हे दल स्वयंसेवी असल्याने त्यातील सैनिकांना कायम नोकरीचा हक्क सांगता येणार नाही. तथापि त्यांचा दैनिक भत्ता असा असावा की, तीस दिवसांची बेरीज पोलीस शिपायाच्या किमान वेतनाइतकी व्हावी. या निर्णयातील पहिल्या अर्ध्याने पुष्कळांची निराशा झाली, पण मला तो दोन्ही अंगांनी न्याय्य वाटतो. कायम नोकरी दिली तर दुसरे पोलीस दल निर्माण होईल आणि नागरिकाने आपला धंदा सांभाळून राज्याला हातभार लावण्याची मूळ कल्पनाच लोप पावेल. आणि पोटापुरता भत्ता नाकारला तर सेवेच्या नावाखाली वेठ घेतल्यासारखे होईल.

महाराष्ट्राने या दिशेने पावले टाकली ती सावकाश. अलीकडे दैनिक भत्ता ५७० रुपयांवरून १०८३ रुपये करण्यात आला आणि हा दर १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला. वाढ मोठी आहे आणि तिचे स्वागत केले पाहिजे. प्रश्न उरतो तो दिवसांचा. दर कितीही वाढला तरी वर्षातून किती दिवस बोलावणे येईल याची शाश्वती नसते. बंदोबस्त असेल तर काम, काम असेल तर भत्ता, आणि सणासुदीचा हंगाम सरला की पुन्हा मजुरीचा बाजार. पथकांचा बंदोबस्त वर्षाच्या आरंभी ठरवून, प्रत्येकाला निदान काही ठरावीक दिवस मिळतील अशी पाळी लावून देणे हे शासनाच्या आवाक्याबाहेरचे नाही, आणि त्यासाठी कायदा बदलण्याचीही गरज नाही.

आज दलात येऊ इच्छिणाऱ्यासाठी अटी स्पष्ट आहेत. वय २० ते ५० वर्षे, शिक्षण किमान दहावी उत्तीर्ण, उंची पुरुषांस १६२ आणि स्त्रियांस १५० सेंटिमीटर, धावणे पुरुषांस १६०० आणि स्त्रियांस ८०० मीटर, शिवाय गोळाफेक. आणि उमेदवार पथकाच्या हद्दीतील रहिवासी असला पाहिजे, ही अट मला या सर्वांत मोलाची वाटते. नेमणूक तीन वर्षांची असते, काम समाधानकारक असल्यास ती पुढे वाढते. तीन वर्षे सेवा केलेल्या होमगार्डास राज्याच्या पोलीस भरतीत ५ टक्के आरक्षण आहे, आणि त्यामुळे जो चपळ आणि अभ्यासू तरुण असतो तो या दलाकडे पोलीस होण्याची पहिली पायरी म्हणून पाहतो. पहाटे शाळेच्या नाहीतर महाविद्यालयाच्या मैदानावर जी मुले-मुली घाम गाळताना आढळतात त्यांतल्या अनेकांची नजर त्या पाच टक्क्यांवर असते. यात गैर काही नाही. तालुक्यातील एखादी मुलगी होमगार्ड म्हणून उरुसाच्या बंदोबस्ताला उभी राहिली आणि पुढे शिपाई होऊन अमरावतीस वा पुण्यास रुजू झाली, तर पथकाने तिला जे शिकविले ते सत्कारणी लागले असेच म्हणावे. पण मग मागे पथकात राहतात ते तिशी-चाळिशी ओलांडलेले, ज्यांना भरतीची आशा उरलेली नाही आणि तरीही जे आज्ञापत्र आले की हजर होतात, असे लोक. नव्या मुलांना दोरखंड कसा धरावा, आईपासून चुकलेल्या मुलाला कोठे बसवावे, दारू पिऊन आलेल्या माणसाशी कोणत्या आवाजात बोलावे, हे कवायतीच्या पुस्तकात नसलेले शिक्षण तेच देतात. पलटण नायकाच्या जागा भरताना आणि पुनर्नियुक्तीचे कागद पुढे पाठविताना त्यांच्या अनुभवाचा विचार प्रथम व्हावा, अशी विनंती मी या लेखाद्वारे जिल्हा समादेशक कार्यालयाला करतो.